कळविण्यास खेद होतो की...

खानदेशात भाववाढ तोंडी सांगत नाहीत, पाटीवर लिहितात. तोंडी सांगितली तर गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसतं, वडिलांपासूनचे संबंध काढतं आणि शेवटी जुन्याच भावात माल घेऊन जातं. पाटीशी कोणाला हुज्जत घालता येत नाही. धुळ्यात आग्रा रोडवरून पाचकंदीलपर्यंत सावकाश चालत गेलात तर या वाङ्मयप्रकाराचे सगळे नमुने वाचायला मिळतात. सलूनवाला ‘संघटनेच्या निर्णयानुसार’ दाढीचे पैसे वाढवतो. जणू त्या बैठकीत त्यानं एकट्यानं विरोधात हात वर केला होता. गिरणीत ‘वीज दरवाढीमुळे’ असतं. शेवभाजीच्या हॉटेलात ‘तेल व टमाट्याचे भाव वाढल्यामुळे नाइलाजाने’ असतं. चहावाला एका वर्षी दुधाला जबाबदार धरतो, दुसऱ्या वर्षी साखरेला, तिसऱ्या वर्षी गॅसच्या हंडीला. एखादं वर्ष असं नतद्रष्ट निघतं की दूध, साखर, गॅस सगळं जागच्या जागी राहतं. त्या वर्षी पाटीवर ‘कारागीर मिळत नसल्यामुळे’ असं येतं.

यातलं एकही कारण खोटं नसतं, हे आवर्जून सांगायला हवं. टमाटे खरोखरच महागलेले असतात. ते पुन्हा स्वस्त झाले, ही बातमी तेवढी हॉटेलपर्यंत पोचत नाही. शेतकरी वैतागून टमाटे रस्त्यावर ओततो, हॉटेल त्याच रस्त्याच्या कडेला असतं, मालक गल्ल्यावर बसून तो लाल सडा बघून हळहळतो, आणि त्याच्या डोक्यावरची पाटी टमाटे महाग असल्याचं सांगत राहते.

जळगावात एका भाववाढीला मात्र पाटीही लागत नाही आणि कारणही. सुभाष चौकातल्या सराफ बाजारात सोनं चढलं की लोक खुशीत येतात. ज्याच्याकडे सोनं आहे तो खूश, कारण त्याचं वाढलं. ज्याच्याकडे नाही तोही खूश, कारण ‘मी तेव्हाच म्हणत होतो’ हे वाक्य त्याला फुकट मिळतं. २०२५ मध्ये तोळ्यानं लाखाचा उंबरठा ओलांडला तेव्हा जळगावात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. ज्यांच्या घरी लग्न होतं त्यांचे चेहरे वेगळे होते, पण लग्नघरात कोणाचा चेहरा कोण बघतो?

या सगळ्या परंपरेत आता एक नवा प्रकार दाखल झाला आहे, आणि तो पाटीवर न येता ई-मेलनं येतो.

आमच्या समाजाचं वधू-वर सूचक मंडळ आहे. कार्यालय धुळ्यात देवपूरला, निम्मे सभासद जळगाव जिल्ह्यातले. मला पत्रव्यवहार येतो असा एक गैरसमज समाजात असल्यामुळे मी चिटणीस. पूर्वी मंडळ दरवर्षी एक जाडजूड पुस्तिका छापायचं. मग कागद महागला. तेव्हा कोणीतरी म्हणालं, आपण वेबसाइट काढू, वेबसाइटला कागद लागत नाही. ते शंभर टक्के खरं होतं. वेबसाइटला मग काय लागतं, हे विचारायचं राहून गेलं.

पहिल्या वर्षी इतके कमी पैसे लागले की खजिनदारांनी दोनदा पावती मागितली. दुसऱ्या वर्षी ते जवळजवळ तिप्पट झाले, कारण पहिल्या वर्षीचा भाव हा फक्त ओळख वाढवण्यापुरता होता, असं समजलं. सोयरीक जुळवणाऱ्या मंडळाला यात नवल वाटायला नको होतं. बघायला येताना पाहुणे वेगळे असतात आणि लग्नानंतर वेगळे. आम्ही पैसे भरले, पुढेही भरत राहिलो. आणि आता हे पत्र आलं.

पत्र वेबसाइटला जागा देणाऱ्या हॉस्टिंग कंपनीचं होतं, आणि इंग्रजीत. पहिल्या परिच्छेदात त्यांनी आमचे आभार मानले होते. दुसऱ्यात स्वतःचा आजवरचा प्रवास सांगितला होता. तिसऱ्यात जगाची परिस्थिती होती. भाव चौथ्या परिच्छेदात होता, तोही अशा वाक्यात की कर्ता सापडेना. भाव कोणी वाढवत नव्हतं. हार्डवेअरच्या वाढत्या किमतीमुळे दरांचं समायोजन होत होतं, आपलं आपण. पाचव्या परिच्छेदात कंपनी पुढच्या वाटचालीबद्दल अतिशय उत्साहित होती. आमचा सलूनवाला काय वाटेल तो भाव लावो, निदान उत्साहित नसतो.

मी पत्र घेऊन भाच्याकडे गेलो. भाचा जळगावला गोलाणी मार्केटमध्ये वेबसाइटचा धंदा करतो. म्हणजे कुठल्यातरी मोठ्या कंपनीकडून सर्व्हरवरची जागा घाऊक घेतो आणि डाळमिलवाले, मंगल कार्यालयं, क्लासेस, केळी निर्यातदार यांना किरकोळीत वाटून देतो. त्याच्या दुकानात त्या दिवशी एक बदल दिसला. मोबाइलची कव्हरं, चार्जर, हेडफोन बाहेर हवेत लोंबत होते आणि रॅम काचेच्या कपाटात, कुलपात. एक गिऱ्हाईक भाव ऐकून विचारत होतं, "घडणावळ वेगळी का यातच?"

"मामा, हे खरं आहे," भाचा म्हणाला. "रॅमला आग लागली आहे."

मग त्यानं मला जगाची परिस्थिती सांगितली. तिसरा परिच्छेद, पण मराठीत. वेबसाइट म्हणजे कुठेतरी चोवीस तास जागं असलेलं एक यंत्र. त्या यंत्राला मेमरी लागते, साठवायला एसएसडी लागते. जगात रॅमची चिप बनवणारे मोठे असे तिघेच: कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेतली मायक्रॉन. बाजाराचा नव्वद टक्क्यांहून मोठा वाटा या तिघांचा. आता जिकडेतिकडे एआयची यंत्रं उभी राहताहेत. त्यांना साधी मेमरी चालत नाही, एचबीएम नावाची लागते, जिच्यात चिपा एकावर एक रचलेल्या असतात. भाव चांगला, गिऱ्हाईक रोख आणि उतावळं. २०२५ च्या ऑक्टोबरात ओपनएआयनं सॅमसंग आणि एसके हायनिक्स या दोघांशी इरादापत्रं केली, त्यातला आकडा महिन्याला ९ लाख वेफरपर्यंत जाणारा. सिलिकॉनच्या ज्या गोल चकतीवर चिपा पिकतात, ती वेफर.

इथे मला विषय एकदम कळला, कारण तो मी आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून पाहिला आहे. कोरियावाल्यांनी ज्वारी मोडून केळी लावली! शेत तेवढंच, वेफरचे कारखाने काही रात्रीतून वाढत नाहीत, एक उभा करायला वर्षं जातात. त्यात मायक्रॉननंच सांगितलेलं गणित असं की तेवढ्याच मेमरीसाठी एचबीएमला साध्या रॅमच्या सुमारे तिप्पट वेफर लागतात. म्हणजे केळीनं जमीनही जास्त खाल्ली. मग ज्वारी कोण पेरणार? आणि ज्वारी नाही पेरली तर भाकर महागणार, कडबा महागणार, आणि ज्यांनी आयुष्यात केळीचं तोंड पाहिलं नाही ते कळण्याच्या भाकरीला जास्त पैसे मोजणार. आमचं वधू-वर मंडळ म्हणजे कळण्याची भाकर खाणारं गिऱ्हाईक. मायक्रॉननं तर ३ डिसेंबर २०२५ ला सांगूनच टाकलं की क्रूशियल या नावानं आम्ही तुमच्यासारख्या किरकोळ लोकांना जी रॅम विकत होतो, ती आता बंद. जवळजवळ तीस वर्षांचं नाव. उन्हाळ्यात ज्या भावात रॅम मिळत होती, दिवाळीनंतर ती तिपटीच्या घरात गेली.

"आणि हे फक्त आपल्याच कंपनीचं नाही," भाचा म्हणाला. फ्रान्सच्या ओव्हीएच या क्लाउड कंपनीचे संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी २०२५ च्या नोव्हेंबरातच सांगून ठेवलं होतं की २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबरदरम्यान क्लाउडचे भाव पाच ते दहा टक्के वाढतील. जर्मनीच्या हेट्झनरनं १ एप्रिल २०२६ पासून भाव वाढवले. तारीख वाचून काही गिऱ्हाइकं आधी हसली असतील.

"बरं," मी म्हणालो, "पण मागच्या खेपेला तू गिऱ्हाइकांना काय कारण सांगितलं होतंस?"

भाचा प्रामाणिक आहे. त्यानं सगळी यादी म्हणून दाखवली. २०१९ मध्ये सीपॅनेल या सर्व्हर सांभाळायच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी यंत्रामागे पैसे घ्यायचं सोडून खात्यामागे घ्यायला सुरुवात केली. २०२२ मध्ये युरोपात वीज महागली. २०२४ च्या सप्टेंबरात डॉट कॉमचा घाऊक भाव वाढून १०.२६ डॉलर झाला. २०२५ च्या डिसेंबरात डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला. आणि आता रॅम. दूध, साखर, गॅस, कारागीर. मी त्याला चहा सांगायला लावला.

चहा येईपर्यंत मी त्याच्याच कॉम्प्युटरवर या धंद्याची जुनी दप्तरं चाळली, आणि खरं सांगतो, जीव रमला. मेमरीच्या भाववाढीची कारणं इतकी रंगीत आहेत की त्यापुढे आमच्या पाट्या फिक्या. १९९३ च्या जुलैत जपानमधल्या निइहामा गावी सुमितोमोच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपवर ओतायची राळ तयार व्हायची, आणि जगाची निम्म्याहून जास्त राळ त्या एका ठिकाणी. राळ गेली, मेमरी कडाडली. १९९९ च्या सप्टेंबरात तैवानला भूकंप झाला, मेमरी पुन्हा चढली. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि गोलाणी मार्केटमध्ये हार्ड डिस्क दुपटीला गेली. पांझरेला पूर आला की धुळ्यातला बाजार भिजतो, हे समजतं. चाओ फ्राया नदीला पूर आला म्हणून जळगावचा फोटोग्राफर लग्नाच्या अल्बमचा भाव वाढवतो, यातलं पाणी कुठून कुठे गेलं हे पाटबंधारे खात्यालाही सांगता यायचं नाही.

आणि एक कारण असं होतं की जे कोणी पाटीवर लिहिलं नव्हतं. १९९९ ते २००२ या काळात मेमरीवाल्यांनी आपापसांत ठरवून भाव धरून ठेवले होते. अमेरिकेच्या न्याय खात्यानं पकडलं. २००५ मध्ये हायनिक्सला १८.५ कोटी डॉलर आणि सॅमसंगला ३० कोटी डॉलर दंड भरावा लागला. त्या वर्षांतल्या पत्रांतही बहुधा खेदच व्यक्त केलेला असणार.

मी भाच्याला विचारलं, "२०२३ मध्ये काय झालं होतं?" त्या वर्षी मेमरी इतकी पडली होती की तिन्ही कंपन्यांना त्या धंद्यात खोट आली. माल पडून राहिला, उत्पादन कमी करावं लागलं. रॅम मातीमोल.

"होय, स्वस्त होती," भाचा म्हणाला.

"मग तेव्हा आम्हाला पत्र आलं होतं का? कळविण्यास आनंद होतो की, वगैरे?"

भाचा बराच वेळ एका चार्जरची वायर गुंडाळत बसला. मग म्हणाला, "मामा, चहा थंड होतोय."

लांबच्या कारणानं भाव हलणं खानदेशला नवं नाही, आणि दर वेळी ते आमच्या विरुद्धच गेलं असंही नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशातल्या शेतकऱ्यानं अब्राहम लिंकनचं नावही ऐकलं नसेल, पण चार वर्षं त्याच्या अंगणात बरकत होती ती त्या माणसाच्या भांडणामुळे. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं आणि इकडे भाव कोसळला. तेव्हाही खेद कळवायला कोणी आलं नव्हतं. तसं पत्र फक्त भाव चढताना येतं, आणि तेही विकणारा आपल्यापेक्षा मोठा असला तर.

पत्रावर निर्णय घ्यायला धुळ्यात कार्यकारिणीची बैठक बोलावली. बैठकीत भाचाही होता, ‘तांत्रिक सल्लागार’ म्हणून. म्हणजे त्याला चहा होता, मत नव्हतं.

मी पत्र वाचून दाखवलं. खजिनदार आप्पांचं आग्रा रोडला खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे. ते ताडकन म्हणाले, "हार्डवेअर महागलं? कोण सांगतं? मला विचारा ना! खिळे दिवाळीपासून जागचे हलले नाहीत. बिजागरी तर उतरली आहे." त्यांना ते हार्डवेअर आणि हे हार्डवेअर यातला फरक समजावण्यात बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी मान्य केलं, पण मनातून नाही. "दुकानाच्या बोर्डावर मी काय लिहू मग?" असं ते दोनदा पुटपुटले.

अध्यक्ष अण्णांनी मुद्द्याला हात घातला. आपण एवढी जागा वापरतो तरी कशाला? भाच्यानं वेबसाइट उघडून दाखवली. फोटो. प्रत्येक उमेदवाराचे तीन-चार, आणि प्रत्येक फोटो एवढ्या आकाराचा की तो देवपूरच्या पुलावर फ्लेक्स म्हणून लावता आला असता. मोबाइलमधून जसा निघाला तसा चढवलेला. मागे बुलेट, बाजूला ट्रॅक्टर, एकाच्या मागे चुलत्याची बोलेरो. यातले निम्मे उमेदवार केव्हाच उजवले होते.

"मग काढून टाका ना!" कोणीतरी म्हणालं.

काढायचं ठरलं, आणि तिथेच बैठक अडकली. कोणाचं नाव काढायचं? ज्यांचं लग्न झालं त्यांचं. पण ज्यांचं झालं आणि मोडलं त्यांचं? ज्यांचं झालं असं आपल्याला वाटतं, पण पत्रिका आली नव्हती त्यांचं? उपाध्यक्षांच्या भाच्याचं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती, पण त्याचा फोटो वेबसाइटच्या पहिल्या पानावर होता, दिसायला चांगला म्हणून. तो काढला तर पहिल्या पानावर येणार कोण? उरलेल्या उमेदवारांकडे सगळ्यांनी एकदा बघितलं आणि विषय पुढे ढकलला.

मागच्या रांगेतून चोपड्याकडचे जिभाऊ म्हणाले, "लगीन व्हयी गयं, पोरगं शाळामा जास, तरी बी फोटो आठेच शे?" त्यांना कोणी उत्तर दिलं नाही. जिभाऊंना तशी सवय आहे. ते केळीचे शेतकरी.

मग प्रश्न आला की हे सगळे फोटो सध्या असतात कुठे. भाचा म्हणाला, फिनलंडमध्ये. सभेत शांतता पसरली. म्हणजे पिंपळनेरच्या मुलापासून पाचोऱ्याच्या मुलीपर्यंत समाजातले झाडून सगळे उमेदवार परदेशात होते आणि बायोडेटात कोणी तसं लिहिलं नव्हतं! आप्पांना ही मंडळाच्या जाहिरातीची संधी वाटली. अण्णांनी ती नोंदवून घ्यायला सांगितली, पण इतिवृत्तात कशी लिहायची ते मला सुचलं नाही.

"फिनलंडला कशाला? आपल्याकडे आणा. भुसावळला जागा बघा," एक सूचना आली. "जंक्शन आहे. दीपनगरला वीज तयार होते, ती शेजारीच."

भाच्यानं नम्रपणे सांगितलं की यंत्रांच्या खर्चाचा मोठा भाग त्यांना थंड ठेवण्यात जातो, आणि मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. भुसावळकर सभासद दुखावले. पंचेचाळीस अंशात माणसं राहतात, यंत्राला काय धाड भरली आहे? हा प्रश्न मला आजही रास्त वाटतो.

मग कोणीतरी नाशिक सुचवलं. सातपूरला ईएसडीएसचं डेटा सेंटर आहेच, कंपनी २००५ पासूनची, आपल्या माणसांशी मराठीत बोलता येईल. सूचना चांगली होती. पण नाशिकच्या यंत्रातसुद्धा रॅम कोरियाचीच बसते, द्राक्षांची नाही, हे भाच्यानं सांगितल्यावर जोर ओसरला.

या टप्प्यावर अमळनेरचे नाना उठले. नाना प्रत्येक बैठकीत एकदाच बोलतात आणि एकच विषय बोलतात. "तुम्ही कॉम्प्युटरचं आम्हाला सांगू नका," ते म्हणाले. "हा धंदा आमच्या गावातून निघाला." नानांचं हे बोलणं अतिशयोक्तीचं वाटतं, पण त्यात तथ्य आहे. २९ डिसेंबर १९४५ ला महंमद हाशम प्रेमजींनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ मध्ये ती अझीम प्रेमजींकडे आली. पुढे आयबीएम भारतातून गेल्यावर जी पोकळी झाली त्यात ही तुपाची कंपनी शिरली, कॉम्प्युटर बनवू लागली आणि विप्रो या आखूड नावानं जगभर गेली. अमळनेरात ज्यांनी तिचे शेअर घेऊन गादीखाली ठेवले ते करोडपती झाले. नानांच्या वडिलांनीही घेतले होते. मग एका पावसाळ्यात घर गळायला लागलं म्हणून विकून वर पत्रे टाकले. ते पत्रे अजून आहेत. त्या पत्र्यांची आजची किंमत नाना दर तिमाहीला काढतात. त्यांनी ती याही बैठकीत सांगितली, आणि सगळ्यांनी दर वेळेप्रमाणे ‘अरेरे’ म्हटलं. हॉस्टिंगच्या बिलावर याचा परिणाम शून्य झाला.

मग जिभाऊ पुन्हा बोलले, आणि या खेपेला उभं राहून. "केळीस्ना भाव बऱ्हाणपूरवाला ठरावस, फोटोना भाव कोरियावाला. मंग आपला हातमा काय शे भो?"

हसू आलं, पण फार टिकलं नाही. बैठकीतल्या बहुतेकांच्या घरी अजून शेती आहे. केळीचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक. सकाळी बऱ्हाणपूरचा आणि रावेरचा भाव मोबाइलवर येतो. जाहीर भाव एक असतो, व्यापारी बांधावर उभं राहून दुसरा सांगतो. थंडीनं चरका बसला, करपा आला, दिल्लीला मागणी नाही, आखातात काही पेटलं आहे. भाव पाडायला त्याच्याकडेही कारणं असतात आणि तीही खोटी नसतात. घड तयार झाला की थांबत नाही. रॅम डब्यात महिनाभर पडून राहते, केळी राहत नाही. मायक्रॉननं भाव पडल्यावर कारखान्याची गती कमी केली होती. जिभाऊ केळीला सांगू शकत नाहीत की जरा दमानं पिक.

खतवाल्याचं पत्र जिभाऊंना येतं. टिश्यू कल्चरच्या रोपांचा भाव वाढला की ते कळतं. ठिबकच्या नळ्या, फवारणीची औषधं, ट्रकचं भाडं, सगळ्यांनी त्यांना आजवर खेदपूर्वक कळवलेलं आहे. त्यांनी कोणाला कळवलेलं नाही.

शेवटी ठरलं ते दुसरं काही ठरण्यासारखं नव्हतं म्हणून. उमेदवारांचं नोंदणी शुल्क तीनशेचं पाचशे करायचं. आप्पा म्हणाले, सहाशे करा, पुढच्या वर्षी पुन्हा बैठक नको. अण्णा म्हणाले, हॉस्टिंगवाल्यानं वाढवलं त्या मानानं साडेतीनशे पुरतात. यावर भाचासुद्धा, मत नसताना, हसला. पाचशेवर एकमत झालं. वरचे पैसे ‘इतर वाढत्या खर्चासाठी’. इतर खर्च कोणता, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

आता सभासदांना पत्र लिहायचं होतं. मी कागद पुढे ओढला, तेवढ्यात जिभाऊ मागच्या रांगेतून उठून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. म्हणाले, मी सांगतो, तुम्ही लिहा. मी म्हटलं, सांगा जिभाऊ. त्यांनी घसा साफ केला. टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि आयुष्यभर ज्या भाषेत पत्रं आली त्याच शुद्ध भाषेत, एकदाही न अडखळता, सांगायला लागले.

"सप्रेम नमस्कार. आपण आजवर दाखविलेल्या विश्वासाबद्दल मंडळ आपले ऋणी आहे. कळविण्यास खेद होतो की..."

इथे ते थांबले. म्हणाले, एवढं परत वाचा. मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "चांगलं वाटस," ते म्हणाले, आणि पुढे निघाले. जागतिक परिस्थिती आली. हार्डवेअरच्या वाढत्या किमती आल्या. त्यावर आप्पांनी मान फिरवली. शुल्काचा आकडा चौथ्या परिच्छेदातच यायला हवा, यावर जिभाऊ अडून बसले. ‘मंडळाने शुल्क वाढवले’ असं मी लिहिलं होतं, ते त्यांनी खोडायला लावलं. ‘शुल्कात वाढ झाली आहे’ असं करा, म्हणाले. पाचवा परिच्छेद मी गाळणार होतो. त्यांनी गाळू दिला नाही. मंडळ पुढील वाटचालीबद्दल उत्साहित आहे, हे लिहून घेतलंच.

सह्या झाल्या. भाचा पत्र टाइप करून सगळ्यांना पाठवायला बसला. पानं आवरली, चहाचे कप उचलले गेले, चोपड्याची गाडी गाठायची म्हणून दोघेतिघे दारापर्यंत गेले. जिभाऊ मात्र भाच्याच्या खुर्चीमागे उभेच होते. पत्राची एक प्रत त्यांनी मागून घेतली, घडी घालून खिशात ठेवली, परत काढली, उलगडली, आणि भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं,

"यामा ‘नोंदणी शुल्क’नी जागावर ‘केळी’ करता यी का? आनि तो बऱ्हाणपूरना व्यापारी शे ना, त्याना ई-मेल कोनाजोडे शे का?"